एएक्स २१० वायफाय कार्ड, नऊ महिन्यांनंतर: कार्ड चोख, त्रास त्या दोन टिचबटणांचा

गेल्या आठवड्यात इंटेलच्या या कार्डाचा लिंक स्पीड (राउटरशी जोडणीचा वेग) १२०१ एमबीपीएसवरून एकदम ६०० वर आला आणि ब्लूटूथ हेडफोनमध्ये खरखर सुरू झाली. कार्ड गेलं असंच कोणालाही वाटेल. पण लॅपटॉपचं खालचं झाकण काढल्यावर दिसलं ते एवढंच: दोनपैकी एका अँटेनाच्या तारेचं टिचबटणासारखं टोक कार्डावरून एका बाजूने किंचित उचललेलं, फट अर्ध्या मिलिमीटरचीही नसेल. नीट बसवून दाबलं, टक् झालं, वेग पुन्हा १२०१. या वेळच्या तक्रारीचं मूळ या एका टोकात निघालं, आणि जुन्या तक्रारींची कारणंही कार्डाबाहेर सापडली, म्हणून तिसऱ्या महिन्यात दिलेले तीन तारे मागे घेऊन हा अनुभव नव्याने लिहितो आहे.

लॅपटॉप जुना, आत इंटेलचं ८२६५ होतं, म्हणजे वायफाय ५ आणि जास्तीत जास्त ८६७. राउटर वायफाय ६ चा आल्यावर तो आकडा डोळ्यांत खुपायला लागला. प्रोसेसर, स्क्रीन, कीबोर्ड सगळं ठणठणीत असताना एका वायफायपायी अख्खा लॅपटॉप बदलणं मला पटत नाही. २२ बाय ३० मिलिमीटरचं एक कार्ड आणि एक स्क्रू, एवढ्यावर काम भागतं.

घेताना सगळ्यात जास्त लोक फसतात ते शेवटच्या आकड्यावर. एएक्स २०० आणि एएक्स २१० ही साध्या पीसीआय एक्सप्रेसवर (कार्ड जोडण्याची सर्वसाधारण पद्धत) चालणारी कार्डं आहेत. एएक्स २०१ आणि एएक्स २११ दिसायला त्यांची जुळी भावंडं, पण ती सीएनव्हीआय प्रकारची. त्यांच्यात निम्मं डोकं प्रोसेसर-चिपसेटच्या बाजूला असतं, कार्डावर फक्त रेडिओचा भाग. म्हणून ती इंटेलच्या ठरावीक पिढ्यांवरच चालतात आणि एएमडी प्रोसेसरवर अजिबात नाही. चीड येते ती याची की ती स्लॉटमध्ये बसतात, स्क्रूही लागतो, आणि विंडोज सुरू झाल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचं नावनिशाण नसतं. ‘सर्व लॅपटॉपसाठी’ असं बिनधास्त लिहून २११ विकणारे विक्रेते आहेत. तेव्हा कार्डाच्या लेबलवर शेवटी शून्य आहे की एक, ते पाकीट फोडायच्या आधी पाहा. आणि वायफाय ७ चं बीई २०० घेऊ का, असं विचारणाऱ्या एएमडीवाल्यांनी थांबावं. बहुतेक एएमडी लॅपटॉप ते ओळखतच नाहीत.

आणखी दोन गोष्टी खरेदीच्या आधीच्या. पहिली, काही जुन्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणारी मूळ प्रणाली) मंजूर कार्डांची यादीच असते. लेनोवोच्या जुन्या थिंकपॅडवर यादीबाहेरचं कार्ड लावलं की १८०२ हा एरर येतो आणि मशीन पुढे जातच नाही. दुसरी, झाकण उघडून तारा मोजा. स्वस्त लॅपटॉपमध्ये मूळ कार्ड एका अँटेनाचं असलं तर तार एकच ओढलेली असते. तिथे दोन अँटेनांचं कार्ड लावलं तर चालेल, पण वेग निम्माच मिळेल. काही पातळ लॅपटॉपमध्ये तर वायफायची चिप मदरबोर्डवरच डाखलेली असते, तिथे विषयच संपला.

बसवण्याचं काम पंधरा मिनिटांचं. नव्या कार्डाचा वायफाय ड्रायव्हर आणि ब्लूटूथ ड्रायव्हर हे दोन्ही आधीच उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. त्या वेगवेगळ्या फायली आहेत, आणि नवं कार्ड लागल्यावर लॅपटॉपला नेट नसणार. नंतर लॅपटॉप पूर्ण शट डाउन करायचा, चार्जर काढायचा, झाकण उघडल्याबरोबर बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. जुन्या कार्डाचा फोटो काढायचा, तारांच्या रंगांसकट. यानंतर येतात ती टिचबटणं, आणि त्यांच्यावरच मला सविस्तर लिहायचं आहे, कारण माहितीपत्रकात त्यांच्याबद्दल एक ओळ असते: ‘अँटेना केबल जोडा.’

तारेच्या टोकाला जो गोल धातूचा तुकडा असतो त्याला एमएचएफ ४ म्हणतात. व्यास साधारण दोन मिलिमीटर. रचना ब्लाउजच्या टिचबटणासारखी: कार्डावर एक बारीक कडं आणि त्याच्या मध्ये सुईच्या टोकाएवढी पिन, तारेच्या टोकाला वरून बसणारी टोपी. जुन्या मिनी पीसीआय कार्डांवरची टोपी याहून मोठी असते, ती इथे बसत नाही. तशी तार असलेल्या लॅपटॉपला अडॅप्टर तरी लागतो नाहीतर तार बदलावी लागते.

काढताना तार धरून ओढायची नाही. प्लास्टिकची पातळ पट्टी टोपीच्या कडेखाली, तार जिथे टोपीला मिळते त्याच्या अगदी जवळ घालायची आणि सरळ वर उचलायचं. तिरकं उचललं की टोपीचं कडं फाकतं. फाकलेलं कडं पुन्हा बसतं खरं, पण घट्ट बसत नाही. ते आज टिकतं आणि दोन महिन्यांनी, झाकण उघडमीट करताना तार ओढली गेली की सुटतं. कनेक्टरचा हा प्रकार साधारण ३० वेळा काढण्या-घालण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे उगाच ‘पुन्हा एकदा बघू’ म्हणून काढत बसू नका.

बसवताना आधी कार्ड स्लॉटमध्ये साधारण तीस अंशांत तिरकं सरकवायचं, सोनेरी पट्ट्या जवळजवळ दिसेनाशा होईपर्यंत. मग खाली दाबून स्क्रू लावायचा, अडेपर्यंत, वर जोर नको. तारा त्यानंतर. कार्ड आधी पक्कं झालेलं असलं की हात हलत नाही. टोपी कड्यावर ठेवून बोटाने न दाबता आधी जराशी इकडेतिकडे फिरवून पाहायची. ती मध्यभागी असली तर जागच्या जागी फिरते. नसली तर कडेवर चढते, डुगडुगते. डुगडुगत असताना दाबलं तर मधली पिन वाकते, आणि पिन वाकलेलं कार्ड दुरुस्त होत नाही. मध्यभागी आल्याची खात्री झाली की प्लास्टिकच्या सपाट टोकाने किंवा अंगठ्याच्या नखाने सरळ खाली एकच दाब. बारीकसा टक् बोटाला जाणवतो. आवाज आला नाही पण टोपी खाली गेल्यासारखी वाटली, ही सगळ्यात फसवी अवस्था. मग डोळे कार्डाच्या पातळीला आणून आडवं पाहा. दोन्ही टोप्या सारख्या उंचीवर हव्यात. माझ्याकडे बिघडलं ते इथेच: एक टोपी केसभर वर राहिली होती आणि नऊ महिने तशीच चालली.

कोणती तार कुठे, याबद्दल रंगांचा नियम सगळ्या कंपन्यांचा एक नाही. काळी मुख्य की पांढरी मुख्य, हे लॅपटॉपप्रमाणे बदलतं. म्हणून तर फोटो. कार्डावरचे त्रिकोण किंवा १-२ हे आकडे जुन्या कार्डाशी जुळवायचे. तारा उलटसुलट झाल्या तरी वायफाय चालतं. पण बहुतेक दोन अँटेनांच्या कार्डांत ब्लूटूथ एकाच अँटेनावर असतो, तेव्हा अदलाबदलीने त्याची पोच बदलू शकते. तिसरी तार मोकळी राहिली तर तिच्या टोकाला कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी चिकटपट्टी) गुंडाळून बाजूला दाबून ठेवा, धातू मदरबोर्डला टेकायला नको. काही लॅपटॉपमध्ये दोन्ही टोप्यांवर एक लहान धातूची पट्टी स्क्रूने दाबलेली असते. ती जास्तीची समजून ठेवून देणारे पुष्कळ. तीच तर टोप्या धरून ठेवते. नसेल तर टोप्यांवर कॅप्टॉन टेपचा एक तुकडा चिकटवा, उष्णतेने तो सुटत नाही.

आता तिसऱ्या महिन्यात मी काय लिहिलं होतं ते सांगतो, कारण त्यातलं बरंचसं चूक होतं. लिहिलं होतं की १६० मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या चॅनेलवर कार्ड टिकत नाही, २४०२ दिसतं आणि मध्येच नेटवर्क गायब होतं. ५ गिगाहर्ट्‌झमध्ये १६० ची रुंदी हवी असेल तर राउटरला सहसा चॅनेल ३६ ते ६४ हा सगळा पट्टा लागतो, आणि त्यातला ५२ ते ६४ हा भाग रडारसोबत वाटून घ्यायचा असतो. राउटर सुरू झाल्यावर तिथे आधी ६० सेकंद ऐकत बसतो, आणि वापरात असताना रडारचा संकेत आला तर त्याला चॅनेल सोडावं लागतं. म्हणजे खोड राउटरच्या चॅनेलची, कार्डाची नाही. ८० वर ठेवल्यापासून त्या प्रकारची तक्रार एकदाही नाही. शिवाय राउटरचे वायरचे पोर्ट गिगाबिटचे असले तर फाइल कॉपी करताना ९४० च्या वर जाता येत नाहीच. मग २४०२ चा अट्टहास कशाला?

दुसरी जुनी तक्रार झोपेतून उठल्यावर कार्ड नाहीसं होण्याची. ती मात्र खरी, फक्त कारण विंडोजच्या सेटिंगमध्ये सापडलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ‘वीज वाचवण्यासाठी बंद करा’ ही खूण काढायची आणि फास्ट स्टार्टअप बंद करायचं. फास्ट स्टार्टअप चालू असताना शट डाउन म्हणजे पुरतं शट डाउन नसतंच, त्यामुळे अडकलेलं कार्ड अडकलेलंच राहतं. तरीही डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड १० (कार्ड सुरू होत नसल्याचा एरर) दिसलाच तर चार्जर आणि बॅटरी काढून पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. ब्लूटूथ मुळातच दिसत नसेल तर प्रश्न वेगळा: वायफाय पीसीआय एक्सप्रेसवरून जातं आणि ब्लूटूथ यूएसबीवरून, आणि काही स्लॉटमध्ये यूएसबीच्या तारा जोडलेल्याच नसतात. तिथे ड्रायव्हर कितीही वेळा टाकला तरी उपयोग नाही.

६ गिगाहर्ट्‌झसाठी हे कार्ड घेत असाल तर विंडोज ११ लागेल, १० वर तो बँड दिसतच नाही. तसंच त्या बँडवर डब्ल्यूपीए ३ (वायफायची नवी सुरक्षा पद्धत) सक्तीचं आहे. राउटरवर जुनीच सुरक्षा ठेवून ‘नेटवर्क सापडत नाही’ म्हणत बसू नका. लिनक्सवर कर्नल ५.१० किंवा पुढचं आणि फर्मवेअरचं पॅकेज अद्ययावत असलं की झालं.

आता पाच तारे. बसवून झाल्यावर झाकणाचे स्क्रू लावायच्या आधी बॅटरी जोडा, लॅपटॉप उलटा न करता उभा धरून सुरू करा आणि नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये लिंक स्पीड पाहा. राउटरच्या खोलीत ८० मेगाहर्ट्‌झवर १२०१ यायला हवा. ६०० वर अडला असेल तर एक टोपी बसलेली नाही. मग स्क्रीन हळूहळू पूर्ण मागे आणि पुन्हा पुढे करा, कारण अँटेना बहुधा स्क्रीनच्या कडेला असतात आणि तारा बिजागरीतूनच येतात. या हालचालीत आकडा खालीवर झाला तर तार कुठेतरी ताणली जाते आहे, तिला बिजागरीजवळ थोडी ढील द्या. आणि जुनं ८२६५ फेकू नका. पुढे कधी वेग निम्मा झाला तर तेच लावून पाहायचं. त्यावरही ८६७ ऐवजी ४३३ आला तर दोष तारेत, ८६७ आला तर नव्या कार्डावरची कडी तपासायची.