दोन रकान्यांची वही, आठ महिने वापरून झाल्यावर

सप्टेंबरात सुरू केली, आता एप्रिल संपत आलाय. मधले तीन आठवडे बंद होती, ते का ते खाली सांगतो. वर्ग एपी इंग्लिश लँग्वेजचा (अमेरिकेतला, शाळेतच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा विषय; लेखक आपलं म्हणणं कसं पटवतो ते उलगडून निबंध लिहायचे असतात), आणि पहिल्याच निबंधाला मला ६ पैकी २ मिळाले होते.

वस्तू म्हणाल तर साधी वही. पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे वाचलेल्यातलं एखादं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं आणि उजवीकडे त्यावर आपलं म्हणणं लिहायचं. टीचरनी सांगितलं तेव्हा वाटलं हे काय लहान मुलांचं काम. त्याआधी मी हायलायटरवाला होतो, पान पिवळंधम्मक करून ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी बघितलं की नेमकं काय महत्त्वाचं होतं तेच कळायचं नाही.

पहिला दीड महिना वहीचा काडीचा उपयोग झाला नाही, हे आधीच सांगतो. कारण उजवीकडे मी फक्त नावं लिहीत होतो. अनाफोरा, म्हणजे वाक्यांच्या सुरुवातीला तेच शब्द परत परत. पेथॉस, म्हणजे भावनेला हात घालणं. परत पेथॉस. मग निबंधातही तेच उतरायचं, "लेखकाने पेथॉस वापरून वाचकांच्या भावनांना हात घातला" वगैरे, आणि टीचरनी बाजूला लिहिलेलं असायचं, कुठल्या भावना? कोणाच्या? मला राग यायचा, पण गुण कसे देतात ते नीट बघितलं तर त्यांचं बरोबरच होतं. ६ पैकी १ थीसिसचा, म्हणजे निबंधाच्या मुख्य दाव्याचा, ४ पुरावे आणि त्यावरच्या भाष्याचे, आणि उरलेला १ सोफिस्टिकेशनचा, म्हणजे विचाराच्या खोलीचा किंवा लिखाणाच्या सफाईचा. अलंकार नुसता ओळखून दाखवला याचा गुण कुठेच नाही.

गाडी रुळावर आली ती अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष लिंकन याच्या गेटिसबर्गच्या भाषणावर, गुलामगिरीवरून पेटलेल्या यादवी युद्धातलं ते. जेमतेम २७० शब्दांच्या आसपासचं भाषण आहे. सुरुवातीला तो सरळ वर्ष न सांगता चार विशी आणि सात वर्षांपूर्वी असं म्हणतो, आणि मी उजवीकडे लिहिलं, "जुन्या धाटणीची भाषा, गंभीर वातावरण". टीचर म्हणाल्या, बरं, पण सत्त्याऐंशीच का? मग वजाबाकी केली. भाषण १८६३ चं, त्यातून ८७ गेले की १७७६, म्हणजे स्वातंत्र्याचा जाहीरनामा. राज्यघटना लिहिली गेली १७८७ ला, तिथून मोजलं असतं तर ७६ वर्षं झाली असती. पण घटनेत गुलामगिरीला जागा होती आणि जाहीरनाम्यात सगळी माणसं समान आहेत असं लिहिलेलं, म्हणजे देशाचा वाढदिवस कुठला धरायचा हे ठरवतानाच त्याने अर्धा वाद जिंकून टाकला होता आणि मी तिथे वातावरण लिहून मोकळा झालो होतो!

तेव्हापासून उजवीकडे एकच प्रश्न ठेवला, याच्याऐवजी दुसरं काय लिहिता आलं असतं? आणि नाव लिहायचं नाही, क्रियापद लिहायचं. लेखक टाळतो, चुचकारतो, मान्य करून मग उलटतो, असं. निबंध लिहायला बसलो की भाष्याची वाक्यं जवळजवळ तयार असतात. डिसेंबरपासून ४ च्या खाली गेलो नाही, दोनदा ५ आले. सोफिस्टिकेशनचा गुण मात्र आजवर एकदाच मिळालाय आणि तो का मिळाला हे मला अजून धड सांगता येणार नाही.

आता तक्रारी. एक तर प्रचंड वेळ खाते. दोन पानांच्या उताऱ्याला तास सहज जातो आणि बाकीचे विषय काय आपली वाट बघत थांबत नाहीत. दुसरं, बहुपर्यायी प्रश्नांना थेट फायदा शून्य. तासात ४५ प्रश्न असतात, तिथे रेंगाळायची सवय उलट नडते, माझा वेग आधी कमीच झाला होता, त्यासाठी वेगळं घड्याळ लावून बसावं लागलं.

आणि सिंथेसिसच्या निबंधाला, म्हणजे दिलेले स्रोत वापरून आपलं मत मांडायचं त्याला, तर ही वही चक्क चुकीची आहे. त्यात सहा स्रोत देतात, निदान तीन वापरावे लागतात. मी सहाही वहीत उतरवून काढले आणि निबंध म्हणजे अवतरणांची गोधडी झाली, माझं मत शोधून सापडेना. वैतागून तीन आठवडे वही बंद केली ती तेव्हाच. आता सिंथेसिसला एक सुटा कागद घेतो, त्यावर फक्त कोणाचं कोणाशी पटणार नाही एवढंच बाण काढून लिहितो आणि आधी आपली बाजू ठरवतो. पंधरा मिनिटांचा वाचनाचा वेळ मिळतो त्यात हे बसतं.

निबंध तपासणारं एक अॅपही मध्ये वापरून बघितलं. स्वल्पविराम छान लावतं, पण माझ्या त्या पेथॉसवाल्या वाक्याला त्याने शाबासकी दिली, विषय संपला. शिवाय आता परीक्षा कंप्युटरवर असते, त्यामुळे वही हाताने लिहीत असाल तरी पूर्ण निबंध मात्र चाळीस मिनिटं लावून टाइपच करा.

नवीन वही घेणाऱ्यांना एक, रेघ मधोमध मारू नका. डावा रकाना पानाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा पुरतो. माझ्या वहीत उजवीकडचं सगळं समासात आणि मागच्या पानावर गेलंय, आणि आता उजळणीला बसलो तर कुठला बाण कुठून आला तेच शोधत बसतो.