प्रोसेसरचा कूलर बसवायला पुश-पिन की बॅकप्लेटचे स्क्रू?
इंटेलच्या अनेक प्रोसेसरसोबत, २००४ च्या एलजीए ७७५ सॉकेटपासून (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा), मिळत आलेल्या हीटसिंकला, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाला, प्लॅस्टिकच्या चार पुश-पिन असतात. मदरबोर्ड कॅबिनेटमधून न काढता, कर्णरेषेतील पिना जोडीने दाबल्या की काम होते. मात्र एखादी पिन अर्धवट बसली, तर हीटसिंक एका बाजूने उचललेला राहतो, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या थर्मल पेस्टचा थर असमान होतो आणि तापमान चढते. शिवाय मागे आधार नसल्याने दाबताना बोर्ड वाकतो, आणि नवख्याचा हात तिथेच थबकतो. बॅकप्लेटचे, म्हणजे बोर्डाच्या मागे लावायच्या आधारपट्टीचे, स्क्रू कर्णरेषेत थोडे थोडे आवळावे लागतात, त्यात वेळ जातो, पण दाब सारखा राहतो. जड टॉवर कूलरसाठी मी स्क्रूच निवडेन. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये कूलर बसवायच्या छिद्रांतील अंतर ७५ वरून ७८ मिलिमीटर झाल्याने जुना कूलर मात्र तपासूनच घ्यावा.