मागे दोन टॉमकॅट, पुढे काय: आयपी-हॅश, मॉड-जेके की मॉड-प्रॉक्सी-बॅलन्सर?

टॉमकॅट म्हणजे जावा वेब-अ‍ॅप चालवणारा सर्व्हर. एका टॉमकॅटला लोड झेपेनासा झाला की दुसरा उभा करणं अवघड नाही. पंचाईत त्यानंतर होते. लॉगिन झालं पहिल्यावर आणि पुढची रिक्वेस्ट गेली दुसऱ्याकडे. त्याच्या मेमरीत ते सेशनच, म्हणजे त्या लॉगिनची नोंदच, नाही, म्हणून अर्धा फॉर्म भरलेला माणूस पुन्हा लॉगिनच्या पानावर येतो. सेशन दोन्हीकडे कॉपी करत बसायचं नसेल, तर ज्या टॉमकॅटवर सेशन आहे, त्याच्याकडेच रिक्वेस्ट गेली पाहिजे. ही वाटणी पुढे उभा असलेला वेब-सर्व्हर करतो: एन्जिनएक्स किंवा अपाचे.

एन्जिनएक्सचं आयपी-हॅश, म्हणजे येणाऱ्याच्या आयपी पत्त्यावरून टॉमकॅट ठरवणं, एका ओळीत चालू होतं. पण आयपीव्ही४ पत्त्यातले पहिले तीनच भाग ते पाहतं. अख्खं ऑफिस एकाच पत्त्याने बाहेर पडत असेल तर सगळे एकाच टॉमकॅटवर. वायफाय सोडून मोबाइल डेटावर गेलं की पत्ता बदलतो, सेशन तुटू शकतं. लॉगिन असलेल्या अ‍ॅपसाठी हे नकोच.

अपाचेचे दोन्ही पर्याय, मॉड-जेके आणि मॉड-प्रॉक्सी-बॅलन्सर ही मॉड्यूल, सेशन आयडीची कुकी पाहतात. टॉमकॅटच्या सेटिंगमधल्या 'इंजिन'ला जेव्हीएम-रूट, म्हणजे त्या टॉमकॅटचं नाव, दिलं की सेशन आयडीच्या शेवटी टिंब देऊन तेच नाव लागतं. मॉड-जेकेमधलं वर्करचं (मागच्या एका टॉमकॅटच्या नोंदीचं) नाव, किंवा मॉड-प्रॉक्सी-बॅलन्सरमधला रूट, त्याच्याशी तंतोतंत जुळायला हवा. नाही जुळला तरी सगळं चालू दिसतं, फक्त लोक मधूनच लॉगआउट होतात. अशी तक्रार आली की मी आधी ही नावं ताडून पाहतो.

मॉड-जेके वेगळं बसवावं लागतं आणि ते टॉमकॅटशी एजेपी या वेगळ्या प्रोटोकॉलवर बोलतं, सहसा पोर्ट ८००९. २०२० च्या घोस्टकॅट या एजेपीतल्या सुरक्षा त्रुटीनंतर, टॉमकॅट ९.०.३१ पासून एजेपी मुळातच बंद असतं. चालू करताना सीक्रेट, म्हणजे दोन्हीकडे सारखा ठेवायचा गुप्त शब्द, द्यावं लागतं. मॉड-प्रॉक्सी-बॅलन्सर अपाचेसोबतच येतं आणि साध्या एचटीटीपीवर चालतं. नवीन सेटअपला मी डोळे झाकून हेच घेईन. सीक्रेट लावलेलं, नीट चालणारं जुनं मॉड-जेके मात्र उगाच उपटू नका.

बदलायचंच ठरलं तर एक शब्द सांभाळा. मॉड-जेकेत वर्कर 'डिसेबल्ड' केला की नवे लोक येत नाहीत, जुनी सेशन चालू राहतात. मॉड-प्रॉक्सीत 'डिसेबल्ड' म्हणजे एकही रिक्वेस्ट नाही. जुन्या सवयीने तेच बटण दाबलंत तर त्या टॉमकॅटवरचे सगळे लॉगआउट! तिथे डिप्लॉयच्या (नवी आवृत्ती चढवण्याच्या) आधी 'ड्रेन' लावायचा असतो: नवे लोक बंद, जुनी सेशन चालू. मग वाट पाहा: टॉमकॅटचा मूळ सेशन टाइमआउट ३० मिनिटांचा, पण प्रत्येक क्लिकला तो नव्याने मोजला जातो. म्हणून घड्याळावर विसंबू नका, टॉमकॅटच्या मॅनेजर पानावर चालू सेशनचा आकडा शून्यावर आला की मगच टॉमकॅट बंद करा.