विंडोज, मॅक की लिनक्स : गावाकडं बसून कोणता स्क्रीन रीडर परवडते?

स्क्रीन रीडर म्हणजे न दिसणाऱ्याला स्क्रीनवरचं बोलून सांगणारं सॉफ्टवेअर. त्यात पहिलेच सांगून टाकतो, विंडोजवरचं एनव्हीडीए घ्या. घ्या म्हणजे काय, फुकटच आहे, डाउनलोड करा. ज्याला एवढंच पाहिजे होतं त्यानं इथंच थांबलं तरी चालते. बाकीच्यांसाठी लिहून रायलो, कारण "फुकट आहे म्हणून" हे काही माझं कारण नाही, आणि एनव्हीडीएचं नाव घेतलं की मॅकवाले भाऊ लोक लगेच अंगावर येतात, त्यांनाही उत्तर द्यावं लागते.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्हा तालुका. लहानपणापासून दिसत नाही. फाट्यावर झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, झेरॉक्सकडं बहीण पाहते अन् कॉम्प्युटरवर मी. पीकविमा, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, मराठी टायपिंग, जे येईल ते. त्यामुळं माझी परीक्षा पुण्याच्या आयटीवाल्यासारखी नाही. मराठी नीट वाचते का, जुन्या डबड्यावर चालते का, नेट गेलं तरी बोलते का, आणि अडलं तर विचारायला कोणी आहे का, एवढं पाहतो.

जॉज या विंडोजवरच्या विकतच्या स्क्रीन रीडरपासून सुरू करू, कारण आधी ज्यानं त्यानं तेच शिकलेलं आहे. टेड हेंटर नावाचा अमेरिकन मोटरसायकल रेसर, १९७८ मध्ये अपघातात डोळे गेले, मग त्याच्या कंपनीनं हे काढलं, आधी डॉससाठी आणि १९९५ मध्ये विंडोजसाठी. सॉफ्टवेअर म्हणून दणकट आहे, त्यात वाद नाही. एक्सेल, वर्ड, आउटलुक यात जॉज जेवढ्या बारकाव्यानं सांगते तेवढं अजूनही दुसरं कोणी सांगत नाही असं माझं मत आहे, आणि बँकेच्या किंवा ऑफिसच्या आडमुठ्या सॉफ्टवेअरसाठी स्क्रिप्ट लिहून घेता येते ही लय मोठी गोष्ट आहे. वेबएम नावाच्या संस्थेचा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांचा २०२४ चा सर्व्हे आहे, त्यात मुख्य स्क्रीन रीडर म्हणून जॉज सांगणारे साधारण ४० टक्के आणि एनव्हीडीए सांगणारे ३८, म्हणजे जगात अजून बरोबरीचाच सामना आहे. पण त्यात उत्तर देणारे बहुतेक अमेरिका-युरोपचे, तिकडं लायसनचे पैसे बहुतेक वेळा कंपनी नाहीतर सरकार भरते. आपल्याकडं ते लायसन घ्यायचं तर माझ्या सेकंडहँड कॉम्प्युटरपेक्षा महाग पडते. लायसन नसलं तर ४० मिनिटं चालते, मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करावा लागते. आता आमच्याकडं उन्हाळ्यात लाइन अशी जाते-येते की रीस्टार्ट आपोआपच होत रायतो, त्या हिशोबानं जॉज आमच्यासाठीच बनवलं म्हणायचं! मजाक सोडा, नोकरी लागली आणि ऑफिस लायसन देत असलं तर बिनधास्त घ्या. स्वतःच्या खिशातून नका घेऊ.

एनव्हीडीए २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन नावाच्या पोरानं सुरू केलं, तो स्वतः अंध, आणि विचार साधा होता की डोळसाला जेवढ्यात कॉम्प्युटर पडते तेवढ्यातच अंधालाही पडला पाहिजे. पुढं जेम्स टेह जोडीला आला, तोही अंध. मले हे महत्त्वाचं वाटते, कारण वापरणाऱ्यानंच बनवलं की कुठं अडते ते सांगत बसावं लागत नाही. पेनड्राइव्हवर त्याची पोर्टेबल कॉपी करून ठेवता येते, इन्स्टॉल करायची गरज नाही, तालुक्याच्या कॅफेत गेलं, पेनड्राइव्ह लावला, एनव्हीडीएची फाइल चालवली की मशीन बोलायला लागते, आणि उठताना पेनड्राइव्ह काढून खिशात. एवढं आहे की पोर्टेबल कॉपी विंडोजची ती परवानगी विचारणारी काळी स्क्रीन वाचत नाही, तिथं मुकं होते, बाजूच्याला विचारावं लागते.

जुन्या मशीनवाल्यांनी एक लक्षात ठेवा, विंडोज ७ असलं तर नवीन एनव्हीडीए चालणार नाही, २०२४.१ या आवृत्तीपासून ७ चा सपोर्टच बंद झाला. ७ साठी २०२३.३ वालंच शोधून टाका, ते चालते. दुकानदार म्हणते "भाऊ लेटेस्ट टाकून देतो" अन् मग म्हणते "तुमचा कॉम्प्युटरच खराब आहे", तर कॉम्प्युटर खराब नसतो, बरं.

आता आवाज. एनव्हीडीएसोबत ईस्पीक नावाचं आवाज काढणारं सॉफ्टवेअर येते, लहानसं, शंभरावर भाषा, त्यात मराठी. आवाज कसा आहे? खरं सांगायचं तर टिनपाट आहे. पहिल्यांदा ऐकणारा दचकतेच. एक आजी दाखल्यासाठी आल्या होत्या, मी अर्ज वाचत होतो, तर म्हणतात, "काय बोलून रायलं बा हे, रेडिओ बिघडला का?" पण टिनपाट आवाजाचा फायदा असा की स्पीड वाढवली तरी अक्षरं तुटत नाहीत, गोड आवाजवाले स्पीड वाढवली की चिकटून जातात. मी जेवढ्या वेगानं ऐकतो तेवढ्यात गिऱ्हाइकाला एक शब्द कळत नाही, आणि ते बरंच आहे, कारण कोणाचा आधार नंबर, कोणाचं उत्पन्न हे दुकानात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं जाणं बरोबर नाही. एका कानात हेडफोन लावतोच, पण तो बिघडला तरी काम निभते.

काही लोक विंडोजचे हिंदी आवाज लावतात, हेमंत नाहीतर कल्पना, कानाला गोड लागतात म्हणून. मराठी लिपी वाचून देतात ते, कारण लिपी तीच. पण आकडे! सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये, आता हे वाक्य मराठीत चालू असताना मधातच "चार हज़ार आठ सौ बानवे" येते, मग पुन्हा मराठी. कथा-कादंबरी ऐकायला चालते एकवेळ, पण जिथं गट नंबर, क्षेत्र, खाते नंबर अशी आकड्यांची रांग आहे तिथं डोक्यात मराठी अन् कानात हिंदी असा घोळ होते. त्यापेक्षा ईस्पीकचं "ब्याण्णव" बरं. एज ब्राउझरच्या रीड अलाउडमध्ये आरोही आणि मनोहर असे दोन चांगले मराठी आवाज आहेत, बातम्या ऐकायला मस्त, पण ते नेटवर चालणारे, आणि ते पान वाचून दाखवतात फक्त, बटण कुठं आहे ते काही सांगत नाहीत.

पण कोणताही स्क्रीन रीडर घ्या, कोणतंही मशीन घ्या, कृती देवमधली फाइल आली की सगळे सारखेच लाचार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : कृती देवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं आतून इंग्रजीच असतात, वरून फक्त मराठीचं चित्र दिसते. डोळ्यानं "शासन" दिसते, आणि माझ्या कानात "के के एल यू" येते. "महाराष्ट्र" ची सुरुवात "ई जी के जे के" अशी होते. पानच्या पान असं. गावाकडं अजूनही टायपिस्ट लोक कृती देवच वापरतात, ठराव, नोटिसा, लग्नपत्रिका सगळं त्यात. वर्ड फाइल असली तर कन्व्हर्टरमध्ये टाकून युनिकोड करून घेतो, त्यात जोडाक्षरं अन् रफार इकडचे तिकडं होतात ते हातानं दुरुस्त करावे लागतात. स्कॅन केलेलं पीडीएफ असलं तर गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडतो, त्यात मराठी अक्षरं बरीचशी निघतात, टेबल मात्र विस्कटून जाते. लाख रुपयांचं मशीन घेऊन यात काडीचा फरक पडत नाही, आणि हेच मी मॅकवाल्यांना सांगतो.

मॅक म्हणता तर पुतण्याचा आहे, दिवाळीत घरी आला की माझ्याजवळच रायते. व्हॉइसओव्हर हा मॅकचा स्क्रीन रीडर त्यात आतच आहे, २००५ च्या टायगर आवृत्तीपासून. डबा उघडल्यापासून, पहिल्या सेटअपपासून स्वतः बोलते, कमांड दाबून एफ५, कोणा डोळसाची गरज नाही, ही गोष्ट मानलीच पाहिजे. मशीन शांत, बॅटरी चांगली, आणि ट्रॅकपॅडवर बोट फिरवून स्क्रीनचा नकाशा समजते, म्हणजे बटण वर उजवीकडं आहे का खाली, हे विंडोजमध्ये कधी कळतच नाही. मले ते लय आवडलं. हिंदीचा लेखा आवाज गोड आहे, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत मराठीही आली.

पण डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे ते "इंटरॅक्ट". टेबल आलं की आधी त्यात शिरायचं, कंट्रोल-ऑप्शन-शिफ्ट आणि खालचा बाण, आत हिंडायचं, मग बाहेर निघायचं, मग दुसऱ्यात शिरायचं. वाड्यात खोलीतून खोलीत जाताना दरवेळी कडी काढून लावल्यासारखं. सवय झालेले म्हणतात काही वाटत नाही, असेल. पण विंडोजवर एच दाबलं की हेडिंग, बी दाबलं की बटण, टी दाबलं की टेबल, मग कंट्रोल-ऑल्ट आणि बाण दाबून एकेक खाना, हे बोटांत बसलेल्या माणसाला ते जड जाते. मॅकवरही क्विक नॅव्ह आहे, एकेका अक्षरावर चालते, पण ते चालू-बंद करत बसा. आणि एवढे पैसे टाकायचे तर घरी पाच-सहा क्विंटल नाही, गाडीभर सोयाबीन विकावं लागेल. गाण्या-वाजवण्याचं, रेकॉर्डिंगचं काम असलं तर मॅक घ्या, तिथं अंध लोक त्याची लय तारीफ करतात. फॉर्म भरायला नको.

विंडोजचं स्वतःचं स्क्रीन रीडर नॅरेटर आहे, विंडोज २००० पासून. लोक त्याला हसत होते, आता हसण्यासारखं राहिलं नाही. कंट्रोल-विंडोज-एंटर, की सुरू. विंडोज नवीन टाकताना सेटअपमध्येसुद्धा बोलते, जे एनव्हीडीए करू शकत नाही. एनव्हीडीए बंद पडलं तर उठवायला नॅरेटर कामी येते. दिवसभराचा सोबती म्हणून नाही, पण पाहुणा म्हणून चांगला.

लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट सिस्टिम, तिच्याबद्दल मले थोडं प्रेम आहे, ते लपवत नाही. टी. व्ही. रामन हा माणूस पुण्यात वाढला, चौदाव्या वर्षी नजर गेली, वाडिया कॉलेज, आयआयटी मुंबई करून कॉर्नेलला पीएचडी केली आणि १९९५ मध्ये ईमॅकस्पीक काढलं. ते स्क्रीन वाचत नाही, तर इमॅक्स नावाच्या एडिटरच्या आतूनच बोलते, म्हणजे कॅलेंडर उघडलं तर नुसता आकडा नाही, पूर्ण तारीख अन् वार सांगते. आपल्याकडच्या शाळा-कॉलेजात त्याचं नाव काहून घेत नाहीत, मले समजत नाही. सामान्य वापरासाठी मात्र ऑर्का हा स्क्रीन रीडर, आल्ट-सुपर-एस (सुपर म्हणजे विंडोजचं बटण) दाबलं की उबुंटू या लिनक्समध्ये सुरू होते. डेबियन हे दुसरं लिनक्स टाकताना बूट मेनूवर बीप वाजते, एस दाबून एंटर केलं की इन्स्टॉलेशन बोलत बोलत होते. जुन्या मशीनवर मेट डेस्कटॉप टाकला की विंडोजपेक्षा हलकं पळते, ईस्पीकची मराठीही तीच मिळते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ज्यांचं मशीन ११ घेत नाही त्यांच्यासाठी हा रस्ता खरोखर आहे.

मग मी काहून नाही वापरत? एक तर अंगठ्याचं मशीन, त्याचा ड्रायव्हर बहुतेक विंडोज धरूनच मिळते. दुसरं म्हणजे वेलँडवर (लिनक्समध्ये स्क्रीन दाखवायची नवी व्यवस्था) ऑर्काचं अजून काही काही अडते, आणि तिसरं सगळ्यात मोठं, अडलं तर विचारायचं कोणाला? एनव्हीडीएसाठी व्हॉट्सअॅपवर आवाज टाकला की अमरावती, अकोला, कुठून ना कुठून कोणीतरी दहा मिनिटांत सांगते. २०२५.१ पासून एनव्हीडीएत रिमोट आतच आलं आहे, समोरचा आपल्या घरून आपलं मशीन चालवून देते, दोघंही अंध असले तरी. ऑर्काचा जाणकार मले अख्ख्या तालुक्यात सापडला नाही.

कॅप्चाचं काय, असं विचारतीलच. जिथं आवाजाचा कॅप्चा नाही तिथं जॉज, एनव्हीडीए, व्हॉइसओव्हर कोणीच काही करत नाही, बहिणीला हाक मारतो. एका साइटवर आवाजाचा कॅप्चा आहे, पण ते आकडे सांगून रायलं असताना एनव्हीडीए पण बोलते, दोघं एकमेकांवर. कंट्रोल दाबून एनव्हीडीएला गप्प करायचं, मग आकडे ऐकायचे.

लॅपटॉप घ्यायला जाल तर कीबोर्ड हातानं चाचपून घ्या. इन्सर्ट बटण, ज्यावर एनव्हीडीएच्या कमांड चालतात, ते वेगळं आहे का एफएन सोबत दाबावं लागते ते पाहा, नसलं तर एनव्हीडीएत कॅप्स लॉक लावता येते, घाबरायचं नाही. उजवीकडं नंबरपॅड असलं तर दोन-चारशे जास्त गेले तरी चालतील. एफ आणि जे वरची उठलेली रेघ काही स्वस्त कीबोर्डला नावालाच असते, नखानं पाहा. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिका, के वर क, जे वर र, डी वर हलंत, एकदा बसलं की नेट लागत नाही आणि सुचवलेल्या शब्दांची यादी ऐकत बसावी लागत नाही. आणि दुकानदारानं अँटीव्हायरस फुकट टाकून देतो म्हटलं तर नको म्हणा, त्याच्या खिडक्या मधात उघडतात अन् फोकस चोरून नेतात.