मानसिक आरोग्य ओपीडीतल्या सिस्टर: औषध लिहीत नाहीत, तरी आधी त्यांनाच भेटा

अमेरिकेत सायकियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे मानसिक आजारांचं जादा शिक्षण घेतलेल्या नर्स, स्वतः औषध लिहून देतात. आपल्याकडच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या सिस्टरना तो अधिकार नाही, गोळी मानसोपचारतज्ज्ञच ठरवतात. म्हणून मराठवाड्यातले बरेच पेशंट सिस्टरचं टेबल ओलांडून थेट डॉक्टरांच्या रांगेत उभे राहतात. इथंच मोठं नुकसान होतं.

खर्चाचं आधी सांगतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, औषधं मोफत आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या घाटीसारख्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नाही.

पहिल्या भेटीत सिस्टर झोप, भूक, दारू-तंबाखू, आधीचे उपचार, घरात कुणाला असाच त्रास होता का, हे विचारतात. वजन, बीपी घेतात. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हेही चांगल्या सिस्टर सरळ विचारतात आणि ते योग्यच आहे. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. घरात फवारणीचं औषध असेल तर तेव्हाच सांगा. ते कुणाकडं, कुठं कुलपात ठेवायचं हे त्या नातेवाइकांशी बोलून ठरवतात. बाईमाणूस पेशंट असली की सासू किंवा नवराच उत्तरं देत बसतो. ‘मला एकटीनं बोलायचंय’ असं म्हणायचा तिला हक्क आहे.

खरा फायदा गोळ्या घेतल्यानंतरचा. खिडकीवरून मिळालेली पिशवी घेऊन सिस्टरकडं परत जा. सरकारी पुरवठ्यात कंपनी बदलली की त्याच गोळीचा रंग बदलतो. लोकांना ती नवी गोळी वाटते, मग जुन्या पाकिटातली आणि ही अशा दोन्ही घेतल्या जातात आणि डोस दुप्पट होतो. पाकिटावरचं औषधाचं नाव त्यांच्याकडून जुळवून घ्या. उदासीवरच्या गोळ्यांना असर दाखवायला २ ते ६ आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात नुसती मळमळ जाणवते, आणि नेमकं तेव्हाच लोक गोळी सोडतात.

लिथियम (मूड टोकाचा वर-खाली होण्याच्या आजारावरची गोळी) चालू असेल तर हे टेबल चुकवूच नका. लिथियमच्या तपासणीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं असतं. सकाळची गोळी घेऊन आलात तर आकडा फुगलेला येतो. एप्रिल-मेच्या उन्हात रानात घाम गाळून पाणी कमी पडलं, किंवा अंगदुखीवर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घेतली, की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जोरात थरथरले, उलट्या-जुलाब लागले, जीभ जड झाली, तर पुढची गोळी न घेता दवाखाना गाठायचा.

उणीव आहे ती वेळेची. गर्दीच्या दिवशी एका पेशंटला पाच मिनिटंही मिळत नाहीत. म्हणून त्रास, चालू गोळ्या आणि प्रश्न कागदावर लिहून न्या.

बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांनी दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर निघण्याआधी एक फेरी मारावीच. किती दिवसांची औषधं मिळतील, कारखान्याजवळ कोणतं सरकारी रुग्णालय आहे, हे विचारा. इंजेक्शन चालू असेल तर पुढची तारीख कागदावर लिहून घ्या. केसपेपरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. रात्री-अपरात्री त्रास वाढला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, २४ तास लागतो आणि मराठीत बोलता येतं.