व्हॅलेन्सिया की मालागा: चार दिवस निवांत राहायचं असेल तर कुठलं?

युरोपात राहणाऱ्या आपल्या मंडळींचं स्पेन म्हटलं की बार्सिलोना ठरलेलंच असतं. मग सग्रादा फामिलियाचा स्लॉट, पार्क ग्वेलचा स्लॉट, मेट्रोत पाकीट सांभाळणं, आणि घरी परत येताना जाताना होतो त्यापेक्षा जास्त दमलेले. शहर जबरदस्त आहे, वादच नाही, पण आराम हा हेतू असेल तर ते नको. सान सेबास्तियान खायला-प्यायला सुंदर, ला कोंचाचा बीच अप्रतिम, पण तो उत्तरेचा अटलांटिकचा किनारा, पाऊस कधीही येतो आणि हॉटेलं महाग. अलिकांते छान छोटं आहे पण चौथ्या दिवशी काय करायचं हा प्रश्न पडतो. म्हणून फिरून फिरून गाडी दोन नावांवर येते, व्हॅलेन्सिया आणि मालागा, आणि या दोघांत निवडताना लोक हमखास चुकीचा प्रश्न विचारतात की "बघण्यासारखं कुठे जास्त आहे?" निवांत ट्रिपला विचारायचा प्रश्न वेगळा. सकाळी उठल्यावर काहीही न ठरवता बाहेर पडलं तर कुठलं शहर तुमचा दिवस आपणहून चांगला घालवतं?

आधी पोचण्याचं बघू. मालागा इथे सरळ पुढे आहे. विमानतळाच्या दारातच लोकल ट्रेनचं स्टेशन, सी-१ लाइन, साधारण बारा-पंधरा मिनिटांत तुम्ही गावात. केबिन बॅग घेऊन शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघणाऱ्याला याचं मोल कळतं. व्हॅलेन्सियाच्या विमानतळावरून मेट्रो आहे, ३ आणि ५ नंबरची लाइन, वीस-पंचवीस मिनिटं, म्हणजे तेही काही वाईट नाही. भारतातून येऊन माद्रिदला उतरत असाल तर मात्र उलटं, हायस्पीड ट्रेनने व्हॅलेन्सिया दोन तासांच्या आत आणि मालागा अडीच-पावणेतीन तास. दोन्ही शहरं एकाच चार दिवसांच्या ट्रिपमध्ये बसवायचा विचार असेल तर प्लीज नको, मधला अख्खा दिवस प्रवासात जातो.

आता शहराची ठेवण, आणि माझ्या मते खरा फरक इथेच आहे.

व्हॅलेन्सिया सपाट. अगदी सपाट. आणि शहराच्या मधून नदीच्या जागी बाग वाहते. झालं असं की ऑक्टोबर १९५७ मध्ये तुरिया नदीला भयंकर पूर आला, माणसं गेली, अर्धं शहर चिखलात, मग सरकारने ठरवलं की नदीच शहराच्या दक्षिणेकडून वळवायची. जुनं पात्र कोरडं पडलं. तिथे हायवे करायचा घाट घातला होता पण लोकांनी जोरदार विरोध केला आणि शेवटी तिथे जवळपास नऊ किलोमीटर लांबीचा बगीचा झाला. वर जुने दगडी पूल तसेच उभे, खाली संत्र्याची झाडं, फुटबॉलची मैदानं, सायकलचे ट्रॅक, पोरांसाठी एक अवाढव्य आडवा पडलेला गलिव्हर ज्याच्या अंगावरून घसरगुंड्या आहेत. सायकल भाड्याने घ्या आणि एका टोकाकडून दुसरीकडे जात राहा, एकदाही सिग्नलला थांबावं लागत नाही, ट्रॅफिक सगळा डोक्यावरून पुलावरून जातो, आणि शेवटी कालात्रावा या वास्तुविशारदाच्या त्या पांढऱ्या इमारती समोर येतात, सिटी ऑफ आर्ट्स अँड सायन्सेस. आत तिकीट काढून गेलंच पाहिजे असं नाही, बाहेरच्या पाण्याच्या कडेला बसूनही मन भरतं. पोरं बरोबर असतील तर तिथलं ओशनोग्राफिक मत्स्यालय मात्र अर्धा दिवस घेणार हे धरून चाला.

पुराचंच पुढे एक सांगायलाच हवं. २९ ऑक्टोबर २०२४ ला व्हॅलेन्सिया प्रांतात जो महापूर आला त्यात दोनशेहून जास्त माणसं गेली, पायपोर्ता, काटारोखा सारखी दक्षिणेकडची गावं उद्ध्वस्त झाली. शहराचा मधला भाग वाचला तो त्या वळवलेल्या पात्रामुळे. तिथे जाल तेव्हा हे माहीत असू द्या, लोकांच्या मनात ते ताजं आहे. आणि प्लॅनिंगच्या दृष्टीने एवढंच की सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर हा त्या किनाऱ्यावर अचानक अतिवृष्टीचा काळ असतो, तेव्हा गेलात तर हवामान खात्याचा इशारा रोज बघा आणि लाल इशारा असेल तर हॉटेलमध्येच थांबा.

मालागाची ठेवण वेगळी. एकीकडे समुद्र, मागे डोंगर, मधे छोटंसं जुनं गाव जे बऱ्यापैकी चालणाऱ्यांसाठीच राखलेलं आहे. कायये लारियोस या मुख्य रस्त्याच्या गुळगुळीत फरशीवरून चालत निघालात की कॅथेड्रल, मग रोमन थिएटर, त्याला लागूनच वर अलकासाबा हा मूर लोकांनी बांधलेला किल्ला, पिकासोचं म्युझियम, पिकासो १८८१ मध्ये जिथे जन्मला तो मेर्सेद चौक, सगळं दहा मिनिटांच्या चालीत. पुढे बंदरावर पोम्पिदू सेंटर या कला संग्रहालयाचा रंगीत काचेचा ठोकळा आणि त्याच्या पलीकडे लगेच मालागेता बीच. म्हणजे दोनच रात्री असतील तर मालागाला तोड नाही. फक्त वरच्या हिब्राल्फारो किल्ल्याची चढण खडी आहे, आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर वर बस जाते ती घ्या. अलकासाबा रविवारी दुपारी दोननंतर फुकट असतो, पण मग गर्दीही तशीच.

पण मालागाचा एक धोका आहे आणि तो कोणी नीट सांगत नाही. आजूबाजूला फार काही आहे! ग्रानादाचा अल्हाम्ब्रा हा जुना राजवाडा-किल्ला बसने दीड-दोन तासांवर, रोंदाचा तो दरीवरचा पूल, नेर्खाची गुहा, आणि कामिनितो देल रे, म्हणजे कड्याला चिकटवलेली ती लाकडी पायवाट जी २०१५ मध्ये दुरुस्त होऊन परत उघडली. आपल्या लोकांना "एवढं लांब आलोय तर बघून घेऊ" हे आवरत नाही, मग रोज सकाळी सातला अलार्म, बस, तिकिटाची वेळ, परत रात्री नऊला, आणि आराम गेला कुठल्या कुठे. या सगळ्या जागा बघण्यासारख्याच आहेत, अल्हाम्ब्रा तर आयुष्यात एकदा बघावाच, पण त्यासाठी वेगळी आठ दिवसांची अँडलुसिया ट्रिप करा. चार दिवसांच्या सुट्टीत मालागा घेतलंत तर जास्तीत जास्त एक बाहेरगाव, आणि तेही आधीच ठरवून. व्हॅलेन्सियाला हा मोह जवळपास नाहीच. बाहेर जायचं झालंच तर अल्बुफेरा, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवरचं सरोवर, भोवती भातशेती. शहरबसने एल पाल्मार गावात जायचं, दुपारी जेवायचं, संध्याकाळी होडीतून सूर्यास्त बघायचा, परत. त्यात घाईचं काही नाही.

खाण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण निवांत ट्रिप म्हणजे अर्धी तीच.

पाएया, म्हणजे पसरट कढईत शिजवलेला भात, व्हॅलेन्सियाचीच. पण तिथली मूळ पाएया ही मासे-कोळंबीची नसते, चिकन, ससा, हिरव्या शेंगा आणि गारोफो नावाचे मोठे पांढरे चपटे वाल असतात. ससा नको असेल तर आधीच विचारा. ती दुपारी खायची, रात्रीची पाएया टुरिस्टांसाठी. बहुतेक ठिकाणी किमान दोघांसाठीच करतात, वेळ लागतो, आणि पातेल्याच्या तळाची खरपुडी हा सगळ्यात चांगला भाग, ती खरवडून खायला लाजू नका, तेही तेच करतात. शाकाहारींसाठी भाज्यांची पाएया मिळते पण स्टॉक कशाचा आहे ते विचारा. सकाळी मेर्कादो सेंत्राल, १९२८ चं ते लोखंड-काचेचं मार्केट, फळं-मासे-मसाले बघत तास कसा जातो कळत नाही, फक्त दुपारी तीनपर्यंतच आणि रविवारी बंद. समोरच लोन्खा, पंधराव्या शतकातला रेशीम बाजार, आतले पिळाचे खांब बघायला विसरू नका. आणि ओर्चाता! चुफा नावाच्या छोट्या कंदाचं गार, गोड, दुधासारखं दिसणारं पण दुधाचा थेंबही नसलेलं पेय, सोबत लांबट गोड पाव बुडवून खायला. बाजूच्या आल्बोराया गावात ते सगळ्यात ताजं.

मालागात माशांचं राज्य. किनाऱ्यावर जुन्या होड्यांमध्ये वाळू भरून त्यात लाकडाचा विस्तव करतात आणि बांबूसारख्या काडीला ओवलेले तारली मासे त्याच्यासमोर उभे करून भाजतात, एस्पेतो म्हणतात त्याला, वर फक्त जाडं मीठ. कोकणातल्या माणसाला वेगळं काही समजवायची गरज नाही. मे ते ऑगस्ट तारली भरलेली असते तेव्हा खावी, आणि खावी ती पेद्रेगालेखो किंवा एल पालो या किनाऱ्यावरच्या वस्त्यांत, गावातल्या चौकात नाही. शाकाहारींसाठी मला मालागा जास्त आवडतं, कारण तळलेल्या वांग्यांवर उसाची काकवी घालून देतात, शेजारच्या फ्रिखिलियानात अजून ही काकवी बनते, आणि आहोब्लांको हे बदाम-लसणाचं गार सूप द्राक्षं घालून येतं. उन्हाळ्यात संध्याकाळी रस्त्यावर बिस्नागा विकणारे दिसतात, जाईच्या कळ्या वाळलेल्या काड्यांच्या टोकांवर एकेक खोचून केलेला गोल गुच्छ. जरूर घ्या, रात्री खोलीभर वास दरवळतो.

एक कॉमन सूचना, दोन्हीकडे जेवणाची वेळ दुपारी दोन ते चार आणि रात्री नऊनंतर. मधे किचन बंद. लहान मुलं किंवा डायबेटिसवाले सोबत असतील तर बॅगेत काहीतरी ठेवा. आणि "शाकाहारी" म्हटल्यावर सॅलडमध्ये टूना किंवा वर हॅमचे तुकडे येऊ शकतात, म्हणून "सिन हामोन, सिन आतून" एवढं पाठ करा.

समुद्र: पोहायचं असेल तर व्हॅलेन्सिया. माल्वारोसाचा बीच रुंद, मऊ वाळू, उतार हळूहळू, ऑगस्टमध्ये पाणी २५-२६ डिग्री. मालागाचं पाणी गारेगार, कारण जिब्राल्टरमधून अटलांटिकचं थंड पाणी आत येतं, वाळूही काळसर. पण मालागेता गावातून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आणि माल्वारोसाला जुन्या गावातून ट्राम नाहीतर सायकल लागते, चार-पाच किलोमीटर आहे. नुसतं वाळूत पाय घालून बसायचं असेल तर मालागा सोयीचं.

महिना कुठला यावर निम्मा निर्णय होतो. डिसेंबर ते फेब्रुवारी सरळ मालागा, दुपारी सतरा डिग्रीच्या आसपास ऊन, डोंगरामुळे उत्तरेचा वारा अडतो. फक्त जुन्या फ्लॅटमध्ये हीटिंग नसतं, रात्री कुडकुडायला होतं, म्हणून हॉटेल घ्या. तसंही भाड्याच्या टुरिस्ट फ्लॅटमुळे स्थानिकांची घरभाडी परवडेनाशी झाली आहेत, २०२४ मध्ये मालागात त्यासाठी मोठे मोर्चे निघाले, मला तरी हॉटेलच बरोबर वाटतं. मार्चच्या मध्यात व्हॅलेन्सियात फायास असतं, १५ ते १९, अफाट उत्सव, पण पहाटेपासून फटाके, निवांतपणा शून्य. मालागात ईस्टरच्या आधीचा होली वीक आणि ऑगस्टमधली फेरिया, म्हणजे जत्रा, तशीच. जुलै-ऑगस्ट दोन्ही टाळा, मालागात तर डोंगराकडून तेराल नावाचा गरम वारा सुटला की दिवसभर बाहेर पडवत नाही. एप्रिल शेवट ते जून मध्य, हा काळ व्हॅलेन्सियाचा, साडेनऊपर्यंत उजेड असतो.

राहायला व्हॅलेन्सियात कोलोनच्या आसपास किंवा समुद्र हवा असेल तर काबान्याल, रंगीत टाइल्सच्या घरांचा जुना कोळीवाडा. रुसाफा कॅफेंसाठी मस्त पण शनिवारी रात्री झोप नाही. मालागात ऐन मध्यात नको, बॅचलर पार्ट्यांचा गोंगाट रात्रभर, त्यापेक्षा मालागेता किंवा पेद्रेगालेखो.

माझं मत विचाराल तर, पोरं असतील, आई-बाबा असतील किंवा पूर्ण चार दिवस असतील तर व्हॅलेन्सिया, डोळे मिटून. दोघंच असाल, दोन रात्री असतील किंवा थंडीत ऊन शोधत असाल तर मालागा. आणि घरात एक जण "अल्हाम्ब्रा बघायचाच" म्हणणारा असेल तर आधी अल्हाम्ब्राची तिकिटं मिळतायत का ते बघा, ती वेळेच्या स्लॉटवर असतात आणि सीझनमध्ये खूप आधी संपतात, मगच मालागाची फ्लाइट बुक करा.