कीथ रिचर्ड्सचा ‘क्रॉसआइड हार्ट’ : पावसाळाभर ऐकल्यानंतर

रॉक गिटारवाल्याचा स्वतःच्या नावाचा अल्बम म्हटला की लांबलचक सोलो येणार हे आपण धरूनच चालतो. इथे ती वाट बघू नका. १५ गाणी, जवळपास तासभराचं ऐकणं, पण निव्वळ बोटांची करामत दाखवायला म्हणून वाजवलेला तुकडा मला तरी सापडला नाही. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडमध्ये कीथने जे आयुष्यभर केलं तेच तो इथेही करतो. ठेका धरतो, गाणं उचलून धरतो आणि मध्ये जागा मोकळी सोडतो. जूनपासून हा अल्बम माझ्या गाडीत, ओट्याशी आणि रात्री हेडफोनवर वाजतोय. त्या मोकळ्या जागांमुळेच तो अजून शिळा झालेला नाही, असं माझं मत.

अल्बम सप्टेंबर २०१५चा. त्याचा आधीचा स्वतंत्र अल्बम ‘मेन ऑफेंडर’ १९९२ सालचा, म्हणजे मध्ये २३ वर्षं गेली आणि कीथ ७१ वर्षांचा झाला. ड्रमवादक स्टीव्ह जॉर्डनने त्याला पुन्हा स्टुडिओत ओढलं. बरीचशी सुरुवात या दोघांनीच केली, एक गिटारवर, दुसरा ड्रमवर. बास आणि पियानोही अनेक ठिकाणी कीथनेच वाजवलाय. स्टोन्सचा जुना ड्रमवादक चार्ली वॉट्स २०२१मध्ये गेल्यावर त्याच्या जागी हाच जॉर्डन बसला. ही दोघांची जोडी किती मुरलेली आहे ते इथे नीट कळतं. ड्रम घाई करत नाही, गिटार किंचित रेंगाळते, तरी गाणं कुठेही ढिलं पडत नाही.

पहिलंच गाणं, अल्बमच्याच नावाचं, जेमतेम दोन मिनिटांचं. एक अकूस्टिक गिटार, एक आवाज, मिसिसिपीकडचा जुना ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत. त्याच ब्लूजमधल्या रॉबर्ट जॉन्सनची रेकॉर्ड तरुण कीथला स्टोन्समधल्या ब्रायन जोन्सने ऐकवली, तेव्हा सोबत दुसरा गिटारवाला कोण आहे असं त्याने विचारलं होतं. दुसरा कोणी नव्हताच. १९३६-३७ साली जॉन्सन एकट्याने दोघांचं काम करत होता. ते कोडं हा माणूस म्हातारपणीही सोडवत बसलाय, असं हे गाणं ऐकताना वाटतं. आणि रंगात आलेलं असतानाच तो थांबतो, आपल्याकडे एवढंच होतं असं सांगून मोकळा होतो. दर वेळी हसू येतं.

पण मला अल्बमचा जीव सापडला तो कंट्रीत, म्हणजे अमेरिकन ग्रामीण गाण्यांच्या शैलीत. ‘रॉब्ड ब्लाइंड’ हे चौथं गाणं मी सगळ्यात जास्त ऐकलंय. संथ चाल, आणि मागे लॅरी कॅम्पबेलची पेडल स्टील, म्हणजे जुन्या हिंदी गाण्यांत ऐकलेल्या हवाईयन गिटारची अमेरिकन चुलत बहीण. कीथचा आवाज खरखरीत झालाय, वरच्या पट्टीत तो चाचपडतो. रॉकच्या गाण्यांत हे खटकतं. इथे मात्र फसवल्या गेलेल्या माणसाचं रडगाणं सांगायला असाच गळा हवा. कंट्रीची खरी शिकवणी त्याला अमेरिकन गायक ग्रॅम पार्सन्सने दिली. १९७१च्या उन्हाळ्यात दक्षिण फ्रान्समधल्या नेलकोट बंगल्यात दोघं तासन् तास ही गाणी वाजवत बसायचे. पार्सन्स १९७३ मध्ये, अवघ्या २६व्या वर्षी गेला. ‘जस्ट अ गिफ्ट’ ऐकताना तो हमखास आठवतो.

‘गुडनाइट आयरीन’साठी कीथने बारा तारांची गिटार घेतलीय, जुना ब्लूज गायक लेड बेलीचं वाद्य. १९३३ साली लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात लोकगीतं गोळा करणाऱ्या लोमॅक्स पितापुत्रांनी कैदी लेड बेलीकडून हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. पुढे ते इतकं गायलं गेलं की गुळगुळीत झालं. तीन मात्रांचा तो डुलता ठेका कीथ जरा खडबडीत ठेवतो. तेच मला आवडलं.

स्टोन्सचा जुना साथीदार बॉबी कीज़च्या सॅक्सोफोनसाठी ‘अम्नेशिया’ आणि ‘ब्लूज इन द मॉर्निंग’ ऐका. डिसेंबर २०१४मध्ये तो वारला, अल्बम बाहेर आला तेव्हा नव्हता. यातल्या दुसऱ्या गाण्यात नुसती मस्ती आहे, गॅरेजमध्ये जमलेल्या दोस्तांची. नोरा जोन्ससोबतचं ‘इल्यूजन’ (हो, रविशंकरांची लेक) मी पहिले काही आठवडे पुढे ढकलायचो. आता पावसात गाडी अडकली की तेच लावतो. ‘नथिंग ऑन मी’मध्ये पोलिसांच्या हाती काही लागलं नाही अशी फुशारकी आहे. १९७७ साली टोरांटोत हेरॉइनसह पकडला गेलेला आणि शिक्षा म्हणून अंधांसाठी कार्यक्रम करून सुटलेला माणूस ते गातोय, हे लक्षात ठेवून ऐकलं तर मजा दुप्पट.

आता कुरकूर. १५ गाणी जास्तच आहेत. ‘सब्स्टॅन्शियल डॅमेज’ ठेक्यावरच तगून राहतं, चाल अशी नाहीच. ‘समथिंग फॉर नथिंग’ संपलं की लगेच विसरायला होतं. जमैकन गायक ग्रेगरी आयझॅक्सचं रेगे (तिकडच्या ठेक्याचं) गाणं ‘लव्ह ओव्हरड्यू’ प्रेमाने केलंय, पण मूळ गाण्यातली नजाकत या गळ्यात बसत नाही. रॉकच्या बाजूला ‘ट्रबल’ आणि ‘हार्टस्टॉपर’ चांगली दणकेबाज आहेत, वॅडी वॉक्टेलची स्लाइड गिटारही (तारांवर नळी सरकवून वाजवलेली) झकास, तरी हे सगळं स्टोन्सकडून आपण ऐकलेलं आहे.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, बास जवळजवळ गायब होतो आणि बाकी उरते ती नुसती खरखर. बरे हेडफोन असतील तर इलेक्ट्रिकच्या खाली हळूच चालणारी अकूस्टिक गिटार ऐकू येते. ती मला बऱ्याच उशिरा सापडली आणि तेव्हापासून कान आधी तिकडेच जातो. ब्लूज-कंट्री नवीन असेल तर क्रमाने ऐकायच्या भानगडीत पडू नका. पहिलं, चौथं, नववं आणि तेरावं लावा. त्यातलं एकही पटलं नाही तर उरलेल्या अकरांवर वेळ घालवू नका.